शंभरला घेतलं, एकशे साठला विकलं. मग सुटलं किती?

पहिलं घर विकलं तेव्हा महिनाभर मी साठ टक्क्यांच्या धुंदीत होतो. शंभरला घेतलेलं सात वर्षांनी एकशे साठला गेलं, हे भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. मग एका रविवारी करसल्लागाराला कागद द्यायचे म्हणून जुनी फाईल काढली. खरेदीच्या वेळच्या मुद्रांक शुल्काची पावती, दलालीची चिठ्ठी, वकिलाची फी, सात वर्षांचा मालमत्ता कर, देखभालीच्या पावत्या, शेवटी विक्रीच्या वेळची पुन्हा दलाली. एकेक आकडा वहीत उतरवत गेलो आणि पान भरलं तसा आवाज खाली आला.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. या लेखात खरेदीची किंमत सगळीकडे १०० धरली आहे. चलन कोणतंही असो, तुमचा आकडा त्याच पटीत मांडा. खर्चाचे आणि व्याजाचे दर उदाहरणापुरते घेतले आहेत. तुमच्याकडचे खरे दर त्या जागी टाकायचे, रीत तीच राहते.

तर माझं ते घर सगळा खर्च धरून पडलं १०७ ला. बहुतेक काळ ते बंदच होतं, आणि बंद घराचाही कर, विमा, देखभाल मिळून वर्षाला १.८ जात होते. विकताना ३ टक्के खर्च झाला, हातात आले १५५.२. हे तारखांनिशी मांडल्यावर परतावा निघाला वर्षाला जेमतेम ४ टक्के, तोही कर भरण्याआधी. हेच पैसे त्याच तारखांना ६ टक्के चक्रवाढीने नुसते ठेवले असते तर १७६ झाले असते. ज्या व्यवहाराची मी फुशारकी मारत होतो तो साध्या ठेवीपेक्षा २१ ने मागे होता.

तेव्हापासून मी हिशेब घर घेतल्यानंतर करत नाही, घेण्याआधी करतो. घेऊन, नीट करून, पुन्हा विकायचं असेल तर तो कसा मांडायचा ते एका उदाहरणावर दाखवतो. घर १०० ला मिळतंय, डागडुजी करून १४० ला जाईल असं दलाल म्हणतोय. कानाला ४० टक्के गोड लागतात. बघू त्यातले किती उरतात.

पायरी १: आधी विक्रीची किंमत, आणि ती स्वतः काढलेली

बहुतेक लोक हिशेब खरेदीपासून सुरू करतात. विकायचंच आहे तर विक्रीपासून सुरू करा, कारण बाकी सगळे आकडे थोडेफार आपल्या हातात असतात, हा एकच दुसऱ्याच्या हातात असतो.

त्याच भागातली, त्याच आकाराची, जवळपास त्याच वयाची तीन ते पाच घरं शोधा जी गेल्या सहा महिन्यांत *विकली गेली* आहेत. जाहिरातीतली नकोत. जाहिरातीतल्या किमतीला घर जातंच असं नाही, आणि जे महिनोन् महिने जाहिरातीत पडून आहे त्याची किंमत चुकीची आहे याचा तो पुरावाच असतो. अनेक ठिकाणी नोंदणी कार्यालयात झालेल्या व्यवहारांचे आकडे पाहता येतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १९९५ पासूनच्या बहुतेक घरविक्रीच्या किमती सर्वांना खुल्या आहेत. जिथे व्यवहाराचा काही भाग कागदावर येतच नाही, तिथे हे आकडे कमी दिसतील. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या दलालांना विचारून ताळा घ्यावा लागतो. त्यांना विचारताना "मला विकायचंय" असं एकाला सांगा आणि "मला घ्यायचंय" असं दुसऱ्याला. दोन उत्तरांतलं अंतरच बरंच काही सांगून जातं.

मग सगळ्या किमती एकाच मापावर आणा. एकाने चटई क्षेत्रावर दर सांगितला, दुसऱ्याने भिंती, जिना, गच्ची धरून सांगितला, तर ती तुलना होत नाही. मजला, पार्किंग, उजेड, रस्त्याचा आवाज यांचं कमी-जास्त करा. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: गल्लीतल्या सगळ्यात महाग घराच्या वर तुमचं घर सहसा जात नाही, तुम्ही आत कितीही संगमरवर लावा. गिऱ्हाईक जागेचे पैसे देतो. तुमच्या हौसेचे देईलच असं नाही.

भाववाढ किती धरायची? वर्षभराच्या आत विकायचं असेल तर शून्य. घरांच्या किमती नेहमी वाढतातच हा समज किती तकलादू आहे ते ॲमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांनी दाखवलंय. पीट आइखहोल्ट्स या अभ्यासकाने १९९७ मध्ये त्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातल्या व्यवहारांचा निर्देशांक मांडला. महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांत किंमत साधारण दुप्पट झाली होती, म्हणजे वर्षाला सुमारे ०.२ टक्के. मधे मोठे चढ आले, मोठे उतारही आले. ज्याने चढावर घेतलं आणि उतारावर विकलं त्याला साडेतीनशे वर्षांची सरासरी काय कामाची?

आपल्या उदाहरणात तूर्त दलालाचे १४० धरू. पुढे त्यांच्यावर शंका घेऊच.

पायरी २: घर खरं केवढ्याला पडलं

ही पायरी सोपी आहे, फक्त विसरायची नाही. हस्तांतरणावरचं शुल्क आणि नोंदणी मिळून ५, दलाली १, वकील, कागदपत्रांची छाननी, घराची तपासणी आणि कर्जाची प्रक्रिया मिळून १. घर पडलं १०७ ला. मागच्या मालकाची थकबाकी असेल, कराची, पाण्याची, देखभालीची, तर ती कोण भरणार हे लेखी घ्या. ते नसेल तर तोही आकडा तुमच्याच बाजूला लिहा.

आता इथेच थांबून एक गणित करा. काहीच न करता हे घर दुसऱ्या दिवशी विकायचं ठरवलं आणि विकण्याचा खर्च ३ टक्के असेल, तर ना नफा ना तोटा होण्यासाठी किंमत यायला हवी १०७ भागिले ०.९७, म्हणजे ११०.३. दाराची कडी वाजवण्याआधीच तुम्ही दहा टक्के मागे आहात.

पायरी ३: डागडुजी, आणि कपाटामागची भिंत

माझ्या मेहुण्याबरोबर एक घर बघायला गेलो होतो. दोन खोल्यांना ताजा रंग, खिडक्या पुसलेल्या, सगळं लख्ख. आतल्या खोलीत मात्र बाहेरच्या भिंतीला लागून छताला टेकेल एवढं लाकडी कपाट. मी म्हटलं, "भाऊजी, हे जरा सरकवून बघू." मालक म्हणाला, जड आहे, सामान आहे आत. भाऊजींनाही संकोच वाटला. घर घेतलं. ताबा मिळाल्यावर चौघांनी मिळून कपाट सरकवलं तर मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंत काळी पडलेली, बोट लावलं की गिलावा भुगा होऊन हातात येत होता. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा पाइप गळत होता. तो दुरुस्त करायला वरच्यांची परवानगी, त्यांचीच फरशी फोडणं, मग भिंत वाळायला दीड महिना. वाळल्याशिवाय रंगाला हात लावता येत नाही. पैसे गेले ते गेले, पण महिने गेले ते जास्त लागले.

म्हणून दुरुस्तीचे दोन भाग करून लिहा. दिसणारं काम: रंग, फरशी, स्वयंपाकघराचा ओटा, दारं, नळ. हे मोजता येतं आणि विकताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतं. न दिसणारं काम: वायरिंग, सांडपाण्याचे पाइप, गच्चीची आणि न्हाणीघराची गळती, भेगा, वाळवी. हे महाग असतं आणि यातल्या एका पैशाचंही कौतुक होत नाही. घर गळत नाही याबद्दल कोणी जास्त किंमत देत नाही. गळतं म्हटल्यावर मात्र लगेच पाडून मागतात.

कंत्राटदाराकडून एकगठ्ठा आकडा घेऊ नका, कामागणिक दर लिहून घ्या: किती क्षेत्र, कोणता माल, मजुरी वेगळी का धरून, राडारोडा कोण उचलणार. दोन कंत्राटदारांची अंदाजपत्रकं शेजारी ठेवली की कोणाच्या यादीत काय सुटलंय ते कळतं. जो स्वस्त दिसतो त्याच्या यादीत बहुधा काहीतरी सुटलेलंच असतं.

उदाहरणात अंदाज आला १०. त्यावर वीस टक्के अडीअडचणीचे धरून १२. जुन्या घराला वीससुद्धा कमी पडतात.

पायरी ४: महिने मोजा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, कारण महिन्यांची पावती कोणी देत नाही. ताबा मिळाल्यापासून विक्रीचे पैसे खात्यात येईपर्यंतचा पूर्ण काळ धरायचा. कंत्राटदार मिळून काम सुरू व्हायला १, कामाला ३, गिऱ्हाईक मिळायला ३, त्याचं कर्ज मंजूर होऊन कागदपत्रं व्हायला २, वर १ सांडलवंडीचा. झाले दहा. "काम तीन महिन्यांत होईल, मग विकू" असं जो म्हणतो तो खरं बोलत असतो, फक्त उरलेले सात महिने सांगायचे राहून जातात.

आता दर महिन्याला काय जातं ते लिहा. समजा ६० कर्ज आहे, ९ टक्क्यांनी. व्याज महिन्याला ०.४५. कर, विमा, देखभाल, वीज मिळून ०.१५. एकूण ०.६. दहा महिन्यांचे झाले ६.

हप्त्याबद्दल दोन उलटसुलट चुका होतात. काही जण आख्खा हप्ता खर्चात धरतात, काही जण धरतच नाहीत. हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नाही, ते कर्ज कमी होणं आहे. विकताना तेवढं कमी फेडावं लागतं. खर्च फक्त व्याजाचा. पण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. ६० कर्ज, ९ टक्के, २० वर्षं, तर हप्ता येतो ०.५४. पहिल्या महिन्यात त्यातले ०.४५ व्याजाचे, मुद्दलात जेमतेम ०.०९. वर्षभर हप्ते भरून कर्ज बरंच उतरलं असेल असं वाटतं, बँकेचा उतारा बघितला की तोंड पडतं. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड लागतो का, तेही आत्ताच विचारून ठेवा.

दुसरा न दिसणारा खर्च म्हणजे तुमच्या स्वतःच्या अडकलेल्या पैशाचा. खरेदीचे १०७ अधिक दुरुस्तीचे १२, वजा कर्ज ६०, म्हणजे तुमच्या खिशातले ५९ आत आहेत. ते ६ टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला ०.३ मिळाले असते. हा खर्च करविवरणात येत नाही, बँकेच्या उताऱ्यातही नाही. तरी वेगळ्या ओळीत लिहाच: दहा महिन्यांचे ३.

मधल्या काळात घर भाड्याने दिलं तर भाडं वजा होईल, मान्य. पण भाडेकरू असताना दुरुस्ती होत नाही, विकताना घर रिकामं लागतं, आणि रिकामं करून मिळण्याला स्वतःचे महिने लागतात. थोड्या मुदतीच्या व्यवहारात भाड्याच्या नादी न लागलेलं बरं, असं माझं मत.

पायरी ५: शून्य रेषा

विक्रीचा खर्च, म्हणजे दलाली, कागदपत्रं, कर्जमुक्तीचे सोपस्कार, धरले ३ टक्के. १४० वर ४.२. हातात येतील १३५.८.

घातलेले पैसे: खरेदी १००, खरेदीखर्च ७, दुरुस्ती १२, दहा महिने ६. एकूण १२५. उरले १०.८. त्यातून अडकलेल्या पैशाचे ३ मनातल्या मनात वजा केले तर ७.८.

शून्य रेषा काढायची तर १२५ भागिले ०.९७, म्हणजे १२८.९. याच्या खाली विकलं की तोटा. आणि ही रेषा स्थिर नाही. दर महिन्याला ती सुमारे ०.६ ने वर सरकते. मी हा आकडा महिन्यांप्रमाणे एका कागदावर लिहून ठेवतो: दहाव्या महिन्याला १२८.९, बाराव्याला १३०.१, सोळाव्याला १३२.६. घासाघीस करायला बसताना हा कागद खिशात असला की उगाच अडून बसणंही टळतं आणि घाबरून सोडून देणंही.

पायरी ६: कर

देशोदेशी नियम वेगळे, आणि ते बदलतही असतात. म्हणून दर सांगत नाही, प्रश्न सांगतो. करसल्लागाराला ते व्यवहाराआधी विचारायचे. घर किती काळ ठेवलं तर कराचा दर बदलतो? अनेक ठिकाणी थोड्या मुदतीत विकलं की कर जास्त लागतो. तुम्हाला गुंतवणूकदार धरणार की घरांचा धंदा करणारा? वरचेवर घेऊन विकणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी धंद्याच्या उत्पन्नाचे नियम लागतात. दुरुस्तीपैकी कोणता खर्च किमतीत मिळवता येतो? आणि व्याज वजा होतं का?

शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. समजा कर २० टक्के आणि व्याज-देखभाल वजा करायला परवानगी नाही. मग करपात्र नफा १०.८ नाही, १६.८ धरला जाईल आणि कर होईल ३.३६. हातात उरतील ७.४४. चाळीसचे साडेसात झाले.

आणि बिलं सांभाळा. सुताराला, गवंड्याला रोख दिलेले आणि पावती नसलेले पैसे हे करखात्याच्या दृष्टीने खर्च झालेलेच नसतात.

पायरी ७: नफा कशावर मोजायचा

७.४४ हा नफा कशावर? १०० वर नाही. तुमचे स्वतःचे आत होते ५९ आणि दहा महिन्यांत भरलेले ६, म्हणजे ६५. त्यावर साधारण ११.४ टक्के, दहा महिन्यांत. त्याच काळात ठेवीवर ५ टक्के मिळाले असते. म्हणजे फायदा आहे, पण या सहा-साडेसहा टक्क्यांसाठी दहा महिने कंत्राटदाराच्या मागे फिरायचं का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

व्यवहार वर्षाच्या वर गेला किंवा पैसे टप्प्याटप्प्याने गेले तर हाताने गणित करू नका. स्प्रेडशीटमध्ये एका रांगेत तारखा, दुसऱ्या रांगेत रकमा, गेलेल्या उणे आणि आलेल्या अधिक. त्यावर एक्सआयआरआर हे सूत्र लावलं की वार्षिक परतावा समोर येतो. माझे ते ४ टक्के असेच निघाले.

कर्जाने परतावा फुगतो हे खरं, पण फुगा दोन्ही बाजूंनी असतो. स्वतःचे २० आणि कर्ज ८० असताना किंमत १० टक्के वाढली तर तुमच्या वीसवर नुसत्या किमतीच्या हिशेबाने ५० टक्के. आता किंमत अजिबात हललीच नाही असं धरा. खरेदीचे ७ खिशातून गेले, विकताना ३ गेले. तुमचे घातलेले होते २७, त्यातले १० गेले. ३७ टक्के तोटा, तोही व्याज न धरता, आणि बाजार पडलेला नसताना.

पायरी ८: आता वाईट दिवस मांडा

तेच घर, तोच माणूस. फक्त कपाटामागे ओल निघाली आणि दुरुस्ती १२ ऐवजी १५ झाली. दहाचे सोळा महिने झाले. आणि गिऱ्हाइकाने १४० ऐवजी १३० वर हात पुढे केला. यातलं काहीच अघटित नाही, तिन्ही गोष्टी रोज घडतात, आणि बहुधा एकमेकींचा हात धरूनच येतात.

विक्रीखर्च जाऊन हातात १२६.१. घातलेले: १००, ७, १५ आणि सोळा महिन्यांचे ९.६, एकूण १३१.६. शंभरला घेऊन एकशे तीसला विकलं आणि तोटा ५.५. अडकलेल्या पैशाचे आणखी सुमारे ५ वेगळेच. वरताण म्हणजे व्याज-देखभाल वजा होत नसेल तर करखात्याच्या कागदावर हा ४.१ चा *नफा* दिसतो आणि तोट्याच्या व्यवहारावर ०.८२ कर भरावा लागतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, एकदा वहीत करून बघा.

आता कोणती चूक किती महाग तेही बघून घ्या. विक्रीच्या अंदाजात १ टक्का चूक झाली की १.३६ गेले. दुरुस्ती १० टक्क्यांनी वाढली की १.२. एक महिना उशीर झाला की ०.६. म्हणजे विक्रीच्या किमतीतली एक टक्क्याची चूक दोन महिन्यांहून जास्त उशिराएवढी पडते. आणि आपण काय करतो? फरशीच्या दरासाठी चार दुकानं पालथी घालतो आणि विक्रीची किंमत दलालाच्या तोंडी शब्दावर धरतो.

मोठ्यांचंही हेच होतं. अमेरिकेतल्या झिलो या कंपनीने २०१८ मध्ये घरं स्वतः विकत घेऊन, थोडी डागडुजी करून विकण्याचा उद्योग सुरू केला. किमतीचे अंदाज बांधण्यातच तिचं नाव होतं, आकडेमोडीची फौज दिमतीला होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या घरांची कामं तुंबल्यामुळे नवी खरेदी थांबवावी लागली, आणि २ नोव्हेंबरला तो उद्योगच बंद करत असल्याचं जाहीर झालं. त्याआधीच्या एका तिमाहीत हाती असलेल्या घरांचं मूल्य सुमारे ३० कोटी डॉलरनी कमी दाखवावं लागलं, आणि सुमारे पाव नोकरवर्ग कमी करायचं ठरलं. पुढच्या काही महिन्यांत घराला काय किंमत येईल याचा अंदाज आपण धरला होता त्यापेक्षा फार अवघड आहे, असं त्यांच्या प्रमुखांनी सांगितलं. कारणं बघा: विक्रीचा अंदाज आणि तुंबलेले महिने.

पायरी ९: मग द्यायचे किती?

आता सगळं उलटं फिरवा. विक्रीची किंमत मुद्दाम कमी धरा, १४० ऐवजी १३५. विक्रीखर्च जाऊन १३०.९५. त्यातून दुरुस्तीचे १२, महिन्यांचे ६, आणि तुम्हाला करापूर्वी हवा असलेला नफा, समजा १५, वजा करा. उरले ९७.९५. यातच खरेदीचा ७ टक्के खर्चही बसवायचाय, म्हणून १.०७ ने भागा. आले ९१.५. मालक १०० म्हणतोय, तुमची कमाल ९१.५. ती एका कागदावर लिहा, घडी घाला आणि मग बोलणी करायला जा. बोलता बोलता माणूस ९४ वर येतो, ९६ वर येतो, "एवढ्यासाठी कशाला सोडायचं" म्हणतो. ९१.५ आणि १०० मधलं अंतर म्हणजेच तुमचा अर्ध्याहून जास्त नफा.

अमेरिकेत या धंद्यातली माणसं एक झटपट नियम वापरतात: दुरुस्तीनंतरच्या किमतीच्या ७० टक्के, वजा दुरुस्तीचा खर्च, याहून जास्त द्यायचं नाही. आपल्या १४० वर तो आकडा येतो ८६. दहा घरं पाहून आठ गाळायला नियम बरा आहे. पण त्या तीस टक्क्यांत तिथली दलाली, तिथलं व्याज, तिथला वेग गृहीत आहे. आपला खर्च वेगळा असेल तर आपली टक्केवारी आपणच काढायची.

विकायची वेळ आली आणि आकडा आवडला नाही तर

बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या सदनिकांच्या विक्रीचा जेनेसोव्ह आणि मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला होता, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना घेतल्यापेक्षा कमी किंमत मिळणार होती ते इतरांपेक्षा जास्त किंमत सांगत, आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत. घेतलेली किंमत मनातून जात नाही, हे माझ्याही अनुभवाचं आहे. पण गिऱ्हाइकाला तुम्ही केवढ्याला घेतलं याच्याशी काहीच देणंघेणं नसतं. त्या दिवशीचा हिशेब फक्त पुढचा मांडायचा.

आज १३० ची बोली आहे, म्हणजे हातात १२६.१. सहा महिने थांबलो तर १३३ येतील असं वाटतंय. १३३ चे हातात १२९, त्यातून सहा महिन्यांचे ३.६ गेले, राहिले १२५.४. शिवाय आज विकून कर्ज फेडलं तर ६६ मोकळे होतात, त्यांचं सहा महिन्यांचं व्याज २. म्हणजे तीन जास्त मिळवायला थांबलो तर जवळजवळ तीननेच मागे पडतो. १३६ च्या आसपास येण्याची खात्री असेल तर थांबण्यात अर्थ आहे. आणि ती खात्री कोणाच्या शब्दावर आहे, हे पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन तपासायचं.